दाबसोड अंकल

अण्णांचे आधी पाय दिसायचे, मग आवाज ऐकू यायचा आणि आख्खे अण्णा अगदी शेवटी. लग्नात नागपूरला मी सासरे म्हणून ज्यांना पाहिलं ते फेटा-उपरण्यातले गंभीर गृहस्थ होते. त्यांचा खऱ्या अण्णांशी काही संबंध नव्हता. खरे अण्णा मला भेटले ते दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरसमोर, एका हिरवट जुन्या गाडीखाली. मी नवी नवरी, नमस्काराला वाकले तर समोर नुसते दोन पाय आणि मळक्या पायजम्याची टोकं. केला बाई पायांनाच नमस्कार. गाडीखालून आवाज आला, "आलीच आहेस तर बॅटरी धर. उजेड डोक्यात नसला तरी चालेल, हातात असू दे."

बाप्पा! माझ्या माहेरी सुनेला पहिल्या दिवशी निदान चहा तरी देतात. मी बॅटरी धरली. हात हलला म्हणून बोलणी खाल्ली, हलला नाही म्हणून खाल्ली, आणि शेवटी अण्णा बाहेर आले तेव्हा माझ्याकडे न बघता माईंना म्हणाले, "हिला पाना आणि पक्कड यातला फरक कळत नाही. चालेल, तुला तरी कुठे कळतो." माई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या दारात चहाचे कप घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं की या घरात बोलायचं काम एकाकडे आणि ऐकायचं काम दुसरीकडे आहे.

अण्णा कुठल्याशा मंत्रालयात स्टोअर्सचे अधिकारी होते. जगातला प्रत्येक माणूस त्यांना चोर वाटायचा किंवा मूर्ख. मेकॅनिक हे दोन्ही असतात असं त्यांचं मत होतं. त्यामुळे बदली होऊन गेलेल्या एका साहेबांकडून घेतलेल्या त्या गाडीला दुसऱ्या कोणाचा हात लागला नाही. दर रविवारी सकाळी शेजारचे बंगाली बाबू मासे आणायला निघायचे, समोरचे तमिळ गृहस्थ पेपर उघडायचे आणि अण्णा गाडीखाली शिरायचे. गाडी उत्तम चालायची, हे मान्य करायलाच हवं. हातात कसब होतं. पण जिभेत त्याहून जास्त होतं. ताटातली भाजी बोटानं बाजूला करून ते विचारायचे, "घरात कोणी आजारी आहे का?" माई म्हणायच्या, "नाही, का हो?" "मग ही कोणासाठी केलीस?" आम्ही हसायचो. हो, हसायचो. ते विनोद खरंच छान करायचे, आणि आपल्यावर नसला की विनोद छानच वाटतो.

माई मूळच्या ग्वाल्हेरच्या. तिकडच्या जुन्या मराठी घरातल्या, गाणं शिकलेल्या. मी त्यांना गाताना कधी ऐकलं नाही. एकदाच मटार सोलताना काहीतरी गुणगुणत होत्या, तर आतून अण्णांनी विचारलं, "प्रेशर कुकरचं रबर गेलं का गं?" त्यांची एक धाकटी बहीण होती, शालू. ती ग्वाल्हेरलाच राहायची, एकटी. माईंच्या तोंडून आपणहून निघालेलं नाव म्हणजे हे एकच.

आता ते दाब-सोड काय ते सांगते, कारण आमच्या घराचं सगळं आयुष्य त्याच्यावर चाललं होतं. ब्रेकचं काम केलं की पाइपात हवा शिरते आणि ती काढावी लागते. त्याला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून ब्रेकचं पेडल दाबायचं आणि धरून ठेवायचं. दुसऱ्यानं चाकाच्या मागचं बारीकसं निपल ढिलं करायचं, की ऑइलबरोबर हवेचे बुडबुडे बाहेर पडतात. मग निपल आवळायचं आणि नंतरच पेडल सोडायचं. निपल उघडं असताना पेडल सोडलं की हवा पुन्हा आत, आणि सगळं पहिल्यापासून. पेडलवर नेहमी माई. गुडघे दुखत असले तरी माईच. अण्णा खालून ओरडणार, "दाब! दाब! धर! ... सोड!" आणि त्यांचा एक कडक नियम होता. पेडलवर असताना बोलायचं नाही. "तोंड उघडलंस की तुझा पाय सैल पडतो," ते म्हणायचे. "तुझ्या शरीरात दोन्ही कामं एकदम करण्याची सोय नाही."

अण्णा रिटायर झाले, क्वार्टर सोडावं लागलं आणि आम्ही द्वारकेला सोसायटीच्या नव्या फ्लॅटमध्ये आलो. तेव्हाची द्वारका म्हणजे चहूकडे अर्धवट इमारती, उडती वाळू आणि पाण्याचे टँकर. रस्ते मात्र हे रुंद, आणि त्यावर कुत्रं नाही. हिरवी गाडीही आली. पार्किंगमध्ये बाकी सगळ्या नव्या चकचकीत छोट्या गाड्या, हप्त्यांवर घेतलेल्या, आणि मध्ये ही म्हातारी, विटांवर टेकून. सोसायटीचे सेक्रेटरी खन्नाजी एकदा फरशीवरचं ऑइल दाखवून म्हणाले, "अण्णाजी, यह पार्किंग है, वर्कशॉप नहीं." अण्णा खालूनच म्हणाले, "खन्नाजी, आपकी गाड़ी सर्विस सेंटर जाती है ना? अगली बार आप भी साथ चले जाइए. ऊपर का कुछ ढीला लगता है." पार्किंगमध्ये क्रिकेट खेळणारी पोरं खिदळली. त्यांना मराठी येत नव्हतं, पण दोन शब्द ऐकून ऐकून पाठ झाले होते. त्यांनीच अण्णांना नाव ठेवलं, दाबसोड अंकल.

आणि पोरंच ती, एका रविवारी अण्णांनी "धर" म्हटल्यावर त्यातल्या एकानं खांबाआडून घसा खरवडून हाक दिली, "सोड!" माईंनी पाय उचलला. हवा शिरली. अण्णा गाडीखालून बाहेर आले, फडक्याला हात पुसले आणि जमलेल्या मंडळींना कळावं म्हणून मुद्दाम हिंदीत म्हणाले, "देखिए, यह मेरी पत्नी हैं. आधी ज़िंदगी मेरी आवाज़ सुनी है, अभी तक पहचानती नहीं. कुत्ता भी पहचान लेता है." पोरं खांबाआड सरकली. खन्नाजीसुद्धा दुसरीकडे बघायला लागले. माई पुन्हा पेडलवर बसल्या आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत बसून राहिल्या. मी वरच्या बाल्कनीतून बघत होते आणि माझ्या मनात आलं की आत्ता ती गाडी विटांवरून घसरावी. त्यानंतर पोरांनी कितीही "सोड, सोड" केलं तरी माईंचा पाय हलला नाही. तो फक्त अण्णांच्या आवाजाला हलायचा.

मग तुम्ही विचाराल, अशा माणसाबद्दल एवढं प्रेमानं काय लिहायचं? कारण मला गाडी त्यांनी शिकवली. माझा नवरा श्रीकांत गुडगावला परदेशी कंपनीत लागला होता. सकाळी अंधारात जायचा, उशिरा यायचा, त्यानंही हप्त्यांवर नवी गाडी घेतली होती. अण्णा तिला काड्यापेटी म्हणायचे आणि तिच्यात बसायचे नाहीत. एक दिवस मला म्हणाले, "चल, शीक. दिल्लीत बाईला गाडी आलीच पाहिजे. नवऱ्याचा काय भरवसा, आज आहे." मी म्हटलं, "अण्णा, तो तुमचा मुलगा आहे!" "म्हणूनच सांगतोय, माझ्यावर गेला तर फार टिकणार नाही." त्या रिकाम्या सेक्टरांमधून त्यांनी मला महिनाभर फिरवलं. शिव्या दिल्या, म्हैस म्हणाले, बुलडोझर म्हणाले, पण एकदाही स्टीअरिंगला हात लावला नाही. मी चुकत असताना हात मागे ठेवायला छाती लागते. माझ्या सख्ख्या वडिलांनी मला सायकलसुद्धा मागून धरल्याशिवाय चालवू दिली नव्हती. लायसन्स मिळालं त्या दिवशी अण्णा म्हणाले, "बरं झालं. आता मी मेलो की स्मशानात तू घेऊन जा, काड्यापेटीत नको." यालाच ते शाबासकी म्हणत असावेत. मला त्यांचा लळा लागला तो तेव्हापासून, आणि माईंकडे बघितलं की त्याच लळ्याची लाज वाटायची.

त्या थंडीत शालूमावशीचं दुखणं निघालं. पोटाचं होतं, आणि बरं होणारं नव्हतं. फोनवर ती रोज एकच विचारायची, "ताई, येतेस ना गं?" ग्वाल्हेर काही लंडन नाही. सकाळी रेल्वेत बसलं की दुपारी जेवायला तिथे. पण अण्णांचं ठरलेलं, "दारात गाडी असताना माझी बायको रेल्वेत धक्के खात जाणार नाही." श्रीकांत म्हणाला, मी नेतो माझ्या गाडीतून. "माझी बायको माझ्या गाडीतून जाईल." मी म्हटलं, मग काढा ना तुमची गाडी! तेव्हा अण्णांनी मला हाताला धरून खाली नेलं, गाडीखाली वाकायला लावलं आणि मागच्या ब्रेकच्या पाइपावर अंगठा घासला. गंजाचे पापुद्रे निघाले. "या पाइपावर हायवेला जायचं? बहिणीच्या आधी ही पोचेल वर." खरं होतं ते. पाइप सडलेले होते. अण्णांचं गाडीबद्दलचं म्हणणं नेहमी खरं असायचं, तीच तर पंचाईत.

म्हणजे आता ग्वाल्हेर त्या दोन सडक्या पाइपांवर अडलं. माईंनी बॅग भरून पलंगाखाली ठेवली. त्यात शालूसाठी घेतलेली एक मोतिया रंगाची साडी होती. रविवारमागून रविवार जायला लागले. पाइपाचे नट गंजून चिकटले होते, ते केरोसीनमध्ये भिजत ठेवले. एक निघाला, एकाच्या कडा झिजून गोल झाल्या. मग अण्णा बसनं कश्मीरी गेटच्या बाजारात गेले आणि हात हलवत परत आले, दुकानदार चोर. पुन्हा गेले. पाइप आणला तो घरीच वाकवला, जुना पाइप शेजारी ठेवून, वळणाला वळण जुळवत. नटात घट्ट बसावं म्हणून टोक फुलवताना चिरलं, तर तो टाकून दिला. श्रीकांत चिडला, "अण्णा, मेकॅनिक एका दिवसात करेल!" "करेल ना. आणि तुझी आई आग्र्याच्या अलीकडे मरेल." माई एकदा, फक्त एकदा म्हणाल्या, "अहो, शालू थांबायची नाही." अण्णा पाइपाचं टोक कानशीनं घासत होते. म्हणाले, "बावन्न वर्षं थांबली आहे, लग्न कोणी केलं नाही. आणखी आठवडाभर थांबेल." मी स्वयंपाकघरात निघून गेले. ऐकवलं नाही मला.

शेवटी पाइप बसले. तांब्यासारखे लखलखीत, एकही वळण कुठे घासत नव्हतं. शनिवारी अण्णा खुशीत होते. माझ्या मुलीला, त्यांच्या नातीला, म्हणाले, "उद्या हवा काढली की सोमवारी तुझी आजी ग्वाल्हेरला." ती म्हणाली, "आजोबा, मग तुम्ही आजीला डांटू नका हं." "डांटत नाही, रागावतो. मराठीत बोल." माईंनी त्या दिवशी फोनवर शालूला सांगितलं, "परवा संध्याकाळी येते, वरणफळं करून ठेव." दुखणाईत बहिणीला वरणफळं! दोघी हसत होत्या. माईंचं हसू माझ्या लक्षात राहिलं, कारण ते पुन्हा दिसलं नाही.

रविवारी मी पिशव्या घेऊन भाजीला निघाले तेव्हा माई पेडलवर होत्या, तोंड भिंतीकडे. मागून अण्णांचे पाय बाहेर आलेले. तीन चाकं झाली होती, शेवटचं चालू होतं. "दाब! दाब! धर!" मला अजून ऐकू येतं. बाजार केला, एक ओळखीच्या बाई भेटल्या, त्यांच्याशी बोलत उभी राहिले, परत आले. माई तशाच बसलेल्या. पोरं खेळता खेळता ओरडत होती, "सोड! सोड आंटी!" माई ढिम्म हलत नव्हत्या. मला हसू आलं. मग मला फरशीवर ऑइल दिसलं. बाटली कलंडली होती आणि ऑइल पार चाकाच्या पुढे आलं होतं. अण्णा ऑइलचा थेंब वाया घालवत नसत. मी पिशव्या टाकल्या आणि वाकले. डोळे अर्धवट उघडे होते, पाना हातात होता, आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. घशातून घरघर येत होती. मी किंचाळले. माईंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, पण पाय उचलला नाही. तो मी हातानं काढला.

काड्यापेटीतूनच नेलं अण्णांना. डॉक्टरनं विचारलं, "कितनी देर पड़े रहे?" श्रीकांतनं माझ्याकडे बघितलं. माई भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी म्हटलं, "अभी गिरे, डॉक्टर साहब. अभी के अभी लाए." डॉक्टर म्हणाले, लगता नहीं, थोडा पहले लाते तो कुछ हो सकता था. दोन दिवस अण्णा नुसते बघत होते. एवढं बोलणारा माणूस, आणि एक शब्द फुटेना. ओठ हलायचे तेव्हा माई कान जवळ नेऊन थांबायच्या, बराच वेळ थांबायच्या. तिसऱ्या दिवशी ते गेले. सगळे रडले, खन्नाजीसुद्धा. माई रडल्या नाहीत.

सुतकात ग्वाल्हेरहून फोन आला. शालूमावशी गेली. शेवटपर्यंत दाराकडे बघत होती असं शेजारीण सांगत होती. लोकांना असलं सांगायची काय हौस असते कोण जाणे. माई रिसीव्हर ठेवून स्वयंपाकघरात आल्या, पाटावर बसल्या, आणि मी न विचारता बोलायला लागल्या.

"मला कळलं होतं गं. धर म्हणाले, आणि मग काहीतरी पडल्याचा आवाज झाला. घरघर पण ऐकू आली."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "मग माई, हाक का नाही मारलीत? उठला का नाहीत?"

"निपल उघडं होतं," माई म्हणाल्या. "पाय उचलला असता तर हवा शिरली असती. मग पुन्हा पहिल्यापासून. पुढचा रविवार. शालू पुढच्या रविवारपर्यंत थांबली नसती. मला वाटलं, चक्कर असेल. सावरतील, निपल आवळतील आणि म्हणतील सोड."

मी त्यांना जवळ घेतलं. त्या लाकडासारख्या ताठ होत्या. मला त्या क्षणी मेलेल्या माणसाचा असा राग आला की फोटोवरचा हार ओढून काढावा, आणि रडू आलं तेही त्याच माणसासाठी. श्रीकांतला मी हे अजून सांगितलेलं नाही.

दिवस झाल्यावर माई म्हणाल्या, "ग्वाल्हेरला जायचं." मी म्हटलं, आता तिथे कोण आहे? "कोणी नसू दे. त्यांच्याच गाडीतून जायचं, आणि तू चालव." उरलेलं एक चाक मेकॅनिकनं केलं. पेडलवर त्यानं आपला माणूस बसवला. नव्या पाइपांवरून बोट फिरवत त्यानं विचारलं, "किसका हाथ है? बढ़िया काम है." मी म्हटलं, घर का ही है. माई मोतिया साडीची पिशवी मांडीवर घेऊन पुढे बसल्या आणि आम्ही निघालो.

पलवलच्या पुढे एक म्हैस एकदम आडवी आली. मी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली, अगदी सरळ, जराही न ओढता. अण्णांचं काम! म्हैस निघून गेली. मी गिअर टाकला आणि सहज शेजारी बघितलं. माईंचा उजवा पाय गाडीच्या तळावर गच्च दाबलेला होता. बोटं पांढरी पडली होती.

"माई, गेली म्हैस. पाय उचला."

माईंनी मान हलवली, नाही म्हणून. मागून ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. मी गाडी कडेला घेतली, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "माई, सोडा ना."

"त्यांनी अजून म्हटलं नाही," माई समोर बघत म्हणाल्या.

मी खूप समजावलं. अहो-जाहो केलं, विनवण्या केल्या, पाणी पुढे केलं. पाय हलेना. मग मी हात स्टीअरिंगवर ठेवले, समोर बघितलं आणि अण्णांसारखी घसा फोडून माझ्या सासूच्या अंगावर ओरडले, "सोड! सोड म्हटलं ना!"

माईंनी पाय उचलला. आणि मग त्या रडल्या.